पाहू शकतो की दिसतं?

नदीला पूर आलेला असतो. वार्ताहर गुडघाभर पाण्यात उभा राहून कॅमेऱ्याकडे बघत सांगतो, ‘तुम्ही पाहू शकता, पाण्याने धोक्याची पातळी ओलांडलेली आहे.’ प्रेक्षक घरी बसून ते पाहतच असतो. त्याला पाहता येईल की नाही अशी शंका कोणी काढलेली नसते, आणि पाहण्याची परवानगी त्यानेही मागितलेली नसते. ‘हे बघा, पाणी कुठवर आलंय’ असं म्हणून काम भागलं असतं. तरीही हे ‘पाहू शकता’ वृत्तवाहिन्यांच्या मराठीत इतकं मुरलंय की आता ते कानाला खटकतही नाही.

ते आलंय इंग्रजीतल्या ‘यू कॅन सी’ वरून. शाळेतल्या कोष्टकात कॅन म्हणजे शकणे आणि सी म्हणजे पाहणे असतं. दोन्ही शब्द तिथून उचलले की वाक्य तयार. पण गंमत अशी की मूळ इंग्रजी वाक्यातलं कॅन ‘शकणे’चं काम करत नाही आणि तिथलं सी हे ‘पाहणे’ नाही. ही जोडी नेमकं काय करते, आणि कॅनच्या जागी मस्ट, मे, शुड, विल आलं की काय बदलतं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. इंग्रजी व्याकरण या शब्दांना मोडल म्हणतं. कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल आणि वुड अशी ही मुख्य नऊ साहाय्यक क्रियापदं. घडलेल्या गोष्टीपेक्षा घडू शकणारी, घडायला हवी असलेली, घडली असावी असं वाटणारी गोष्ट सांगणं हा त्यांचा पेशा.

इजिप्तमधल्या राजांच्या खोऱ्यात 26 नोव्हेंबर 1922 रोजी पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरने तूतनखामेनच्या थडग्यातल्या दुसऱ्या मोहोरबंद दाराला वरच्या कोपऱ्यात एक भोक पाडलं. मेणबत्ती आत धरली. शतकानुशतकं कोंडलेली गरम हवा बाहेर येत होती, तिने ज्योत फडफडत होती आणि सुरुवातीला त्याला काही दिसेना. उत्खननाचा खर्च करणारा लॉर्ड कार्नार्व्हन मागे उभा होता, त्याला राहवेना. त्याने विचारलं, काही दिसतंय का? कार्टरने पुढच्या वर्षी आर्थर मेसबरोबर लिहिलेल्या पुस्तकात हा प्रसंग आहे आणि तिथे या प्रश्नात कॅनही आहे आणि सीही. पण कार्नार्व्हनला कार्टरच्या डोळ्यांची चौकशी करायची नव्हती. त्याला आत काय आहे ते हवं होतं. कार्टरनेही हो म्हणून थेट आतल्या अद्भुत वस्तूंचं नाव काढलं. प्रश्न सामर्थ्याचा आणि उत्तर वस्तूचं, तरी दोघांपैकी कोणाचाही गैरसमज झाला नाही. म्हणजे प्रश्न मुळात सामर्थ्याचा नव्हताच.

मग कॅन तिथे कशाला? त्यासाठी आधी सीकडे वळलं पाहिजे.

ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल याने 1949 साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या पुस्तकात क्रियापदांची एक फोड केली. काही क्रियापदं खटपट सांगतात, काही त्या खटपटीचं फळ. शोधणं ही खटपट, सापडणं हे फळ. धावणं ही खटपट, शर्यत जिंकणं हे फळ. डोळ्यांच्या बाबतीत इंग्रजीत लुक ही खटपट आणि सी हे फळ. मराठी माणसाला ही फोड समजावून सांगावी लागत नाही, कारण आपल्याकडे बघणे आणि दिसणे असे दोन वेगळे धातूच आहेत. ‘नीट बघ’ असं आपण सांगतो; ‘तुला नीट दिसू दे’ असा हुकूम कोणी सोडत नाही. ‘बघितलं पण दिसलं नाही’ हे वाक्य कोणालाही विचित्र वाटत नाही. इंग्रजीत आय लुक्ड बट आय डिडन्ट सी हे तितकंच सरळ आहे.

त्यानंतर 1957 मध्ये तत्त्वज्ञ झेनो व्हेंडलर याने क्रियापदं काळ कसा व्यापतात यावर एक निबंध लिहिला. भाषाशास्त्रात तो आजही पहिल्या धड्यासारखा वाचला जातो. त्याच्या शेवटच्या भागात तो सीवर अडला आणि बराच वेळ अडून राहिला. कारण सीला दोन रूपं आहेत. एक क्षणाचं: गवतात सळसळ झाली, मान वळवली आणि साप दिसला. दुसरं टिकणारं: तो तिथेच वेटोळं घालून बसला आणि मला दिसत राहिला. इंग्रजीत पहिल्यासाठी आय सॉ अ स्नेक आणि दुसऱ्यासाठी आय कुड सी अ स्नेक. मराठीत ‘साप दिसला’ आणि ‘साप दिसत होता’. इंग्रजीने एक नवा शब्द शेजारी आणून बसवला. मराठीने धातू तोच ठेवला आणि काळ फिरवला. माझ्या मते या विषयाची खरी किल्ली हीच आहे. कॅन सीचं मराठी ‘पाहू शकतो’ नसून ‘दिसतंय’ आहे, कुड सीचं मराठी ‘दिसत होतं’.

इंग्रजीला असं करावं लागलं याचं कारण तिच्या वर्तमानकाळात आहे. आत्ता चालू असलेली क्रिया सांगायला ती आयएनजी लावते. ही इज रनिंग, शी इज रीडिंग. पण सीला हे रूप त्या अर्थाने चालत नाही. आय ॲम सीइंग म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा कोणा डॉक्टरकडे जातोय किंवा कोणाबरोबर फिरतोय. आय ॲम सीइंग थिंग्ज म्हटलं तर भास होताहेत असा अर्थ. साधा वर्तमान घ्यावा, तर नुसतं आय सी हे ‘अस्सं होय’ या अर्थाने गुंतलेलं. समोर जहाज दिसत असताना आय सी अ शिप म्हटलं तर चूक नाही, पण डोळ्यांपुढे चालू असलेलं दिसणं सांगायला इंग्रजीला सोयीचा वाटतो तो कॅन. जेफ्री लीच आणि फ्रँक पामर या ब्रिटिश व्याकरणकारांनी 1970च्या दशकातल्या आपापल्या पुस्तकांत हे नोंदवलं आहे की अशा वाक्यांत कॅनचा सामर्थ्याचा अर्थ जवळजवळ विरून जातो. ऐकणं, वास येणं, चव लागणं, स्पर्श जाणवणं यांचंही तसंच. आय कॅन हिअर द रेन म्हणजे पाऊस ऐकू येतोय. आय कॅन स्मेल गॅस म्हणजे गॅसचा वास येतोय, आणि ते ऐकणाऱ्याने वक्त्याच्या नाकाचं कौतुक न करता आधी खिडक्या उघडाव्यात.

लुकला मात्र कॅन लावून पाहा. आय कॅन लुक म्हणजे मला बघायला हरकत नाही, किंवा मला वेळ आहे, मी बघेन. इथे कॅन पूर्ण जिवंत आहे, कारण बघणं हे करायचं काम आहे. ते करता येतं आणि करायचं राहूनही जातं. दिसण्याचं तसं नाही. डोळे उघडे आहेत, उजेड आहे, मध्ये आडकाठी नाही, मान त्या दिशेला आहे. एवढं जुळलं की दिसणं घडूनच जातं, त्यानंतर वेगळं काही करायचं उरत नाही. शक्यता आणि प्रत्यक्ष यांच्यात फट नसल्यामुळे शक्यता सांगितली की प्रत्यक्ष आपोआप सांगितलं जातं.

याची परीक्षा भूतकाळात होते. इंग्रजी शिकणाऱ्यांना एक नियम पाठ करून घेतात: एकदाच साधलेल्या कामाला कुड वापरू नये. धावत सुटलो आणि बस पकडली, हे आय रॅन अँड कुड कॅच द बस असं सांगता येत नाही. तिथे वॉज एबल टू किंवा मॅनेज्ड हवं. बस पकडता येणं आणि बस पकडणं यांच्यात धाप लागेपर्यंतचं अंतर आहे ना! पण आय लुक्ड अप अँड कुड सी द टॉवर हे बिनधोक. नियमाला हा अपवाद आहे असं सांगून शिक्षक पुढे जातात. खरं तर तो अपवाद नाही, फट नसल्याचा परिणाम आहे.

याच मुद्द्याची दुसरी बाजू आपल्या भाषांतून पुढे आली. भाषाशास्त्रज्ञ राजेश भट्ट यांनी 1999 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात हिंदीच्या ‘सकना’कडे लक्ष वेधलं. पूर्ण भूतकाळात ते वापरलं की काम झालंच असं कळतं, अपूर्ण भूतकाळात तसं कळत नाही. मराठीतही करून बघा. ‘त्याला खिडकी उघडता येत होती’ असं म्हटलं तर त्याने ती उघडली की नाही, देव जाणे. ‘त्याला खिडकी उघडता आली’ म्हटलं की खिडकी उघडलीच. इंग्रजीच्या कुडला हा भेद दाखवायला जागा नाही, म्हणून तिथे नियम आणि अपवाद पाठ करावे लागतात.

मराठीतलं दिसणं आणखी एका गोष्टीत इंग्रजीपासून दूर आहे. ज्याला दिसतं तो वाक्याचा कर्ता नसतो. मला डोंगर दिसतो, मला डोंगर दिसतात. क्रियापद डोंगराप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. भूक लागते, आठवतं, आवडतं, सापडतं या साऱ्या मंडळींची हीच तऱ्हा. ‘त्याला दिसत नाही’ या वाक्याचे मात्र दोन अर्थ होतात: तो आंधळा आहे, किंवा पुढे उंच माणूस बसल्यामुळे पडदा दिसत नाही. इंग्रजीच्या ही कान्ट सीचेही नेमके हेच दोन अर्थ. मांजराला अंधूक उजेडातही दिसतं यात सामर्थ्य आहे, पण तेही मराठी ‘शकणे’विना सांगते.

सामर्थ्यच सांगायचं तर मराठीकडे खास रूप आहे आणि ते वाया चाललंय याचं वाईट वाटतं. शाळेच्या व्याकरणात त्याला शक्य क्रियापद म्हणतात. मला चालवतं, त्याला जिना चढवत नाही. बघणेला हे रूप लावलं की ‘बघवत नाही’ होतं आणि तिथे डोळ्यांचा संबंध संपतो. ‘तिचे हाल बघवत नाहीत’ म्हणजे दिसतंय, चांगलं दिसतंय, सहन होत नाही. इंग्रजीत हे सांगायला कान्टच्या पुढे बेअर हे आणखी एक क्रियापद आणावं लागतं. नुसतं आय कान्ट सी म्हटलं तर कोणीतरी दिवा लावील.

कॅनच्या पूर्वजांकडेही क्षणभर पाहू. जुन्या इंग्रजीत त्याचा धातू होता कुनन, अर्थ जाणणे. जर्मनमधले क्योनेन आणि केनेन, इंग्रजीतलं नो आणि संस्कृतातलं ज्ञा हे सगळे एकाच कुळातले. येतं म्हणजे ठाऊक आहे. आपणही ‘मला पोहता येतं’ म्हणताना तेच म्हणत असतो. कॅनचं रूप मुळात भूतकाळी घडणीचं: शिकून झालं आहे, म्हणून आता येतं. ही कॅन्स असं होत नाही, त्याला एस लागत नाही, त्याचं कारण हेच; मे आणि शॅल हेही याच जातीचे. संस्कृतातलं ‘वेद’ अगदी असंच आहे. दिसायला भूतकाळी, अर्थाने वर्तमान, ‘तो जाणतो’. त्याच्या धातूचे युरोपातले भाऊबंद पाहणे या अर्थाने आढळतात, लॅटिनचं व्हिडेओ हे त्यातलं एक. पाहून झालं आहे, म्हणून ठाऊक आहे. कॅन सी या जोडीत म्हणजे एक जाणणं आणि एक पाहणं शेजारी बसलेलं आहे, हा इतिहासाचा योगायोग. त्यातून आजच्या अर्थाचं स्पष्टीकरण काढायला जाऊ नये.

कॅन गाळला तर काय होतं हे पाहायला एक प्रसिद्ध गोष्ट उपयोगी पडते. 2 एप्रिल 1801, कोपनहेगनची लढाई. ब्रिटिश ॲडमिरल हाइड पार्करने माघारीचा संकेत उभारला. त्याच्या हाताखाली लढणाऱ्या नेल्सनचा उजवा डोळा 1794 मध्ये कॉर्सिकातल्या काल्वीच्या वेढ्यात अधू झाला होता. गोष्ट अशी सांगतात की त्याने दुर्बीण त्या डोळ्याला लावली आणि संकेत आपल्याला खरोखर दिसत नाही असं जाहीर केलं. घडलं ते असंच घडलं का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. पण सांगणाऱ्यांनी नेल्सनच्या तोंडी घातलेल्या वाक्यात कॅनॉट नाही, डू नॉट आहे. ज्याने ते रचलं त्याचा कान तयार होता. कॅनॉट म्हटलं असतं तर ती अडचण झाली असती, आणि अडचण दूर करता येते: कोणीही सुचवलं असतं, साहेब, दुर्बीण दुसऱ्या डोळ्याला लावा. डू नॉट सी ही नुसती नोंद आहे. तिच्याशी वाद घालता येत नाही.

आता बाकीची मंडळी. मस्ट सी सोपं आहे तोवर सोपं आहे. यू मस्ट सी अजिंठा म्हणजे अजिंठा बघच. यू मस्ट हॅव सीन इट म्हणजे पाहिलं असणार. हुकूम आणि तर्क एकाच शब्दात. पण ‘त्याला तिथून आपण आत्ता दिसत असणार’ हा तर्क करायचा झाला की इंग्रजीची पंचाईत होते. दिसतंयसाठी कॅन सी हवं, तर्कासाठी मस्ट हवं आणि प्रमाण इंग्रजीत दोन मोडल एकामागे एक बसत नाहीत. मग मस्ट बी एबल टू सी असा वळसा घ्यावा लागतो. सामर्थ्य शब्दांत परत येतं, अर्थात मात्र नसतं. स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेच्या दक्षिणेत काही लोक माइट कुड अशी जोडी बेधडक वापरतात. व्याकरणाच्या पुस्तकांनी नाक मुरडलं तरी त्यांची सोय झाली आहे.

मे आणि कॅन यांचा फरक पर्यटनाच्या पाट्यांवर कळतो. गोव्यातल्या होडीवाल्याने यू कॅन सी डॉल्फिन्स असं लिहिलं तर या समुद्रात डॉल्फिन असतात, लोकांना दिसतात, एवढी हमी त्यात आहे. यू मे सी डॉल्फिन्स म्हणजे आजच्या फेरीत दिसले तर दिसतील. लीचने या दोन शक्यता वेगळ्या मांडल्या, एक तत्त्वतःची आणि एक प्रत्यक्षातली. होडीवाले पहिलं लिहितात आणि दुसरं तोंडी सांगतात, पैसे घेतल्यानंतर.

विल सीला मराठीत दोन दारं आहेत. रस्ता सांगताना यू विल सी अ टेम्पल म्हणजे डाव्या हाताला देऊळ दिसेल. आईने मुलाला सायकलबद्दल वुई विल सी म्हटलं तर ‘बघू’. त्या ‘बघू’त बघण्यासारखं काही नसतं आणि ते मुलालाही माहीत असतं. शुडचा तर एक प्रकार दोन्ही भाषांत थेट जुळतो. यू शुड हॅव सीन हिज फेस, तू त्याचं तोंड बघायला हवं होतंस. रूप चुकलेल्या कर्तव्याचं आहे, पण ऐकणाऱ्याला कोणी दोष देत नाही. बोलणाऱ्याला पुन्हा एकदा हसायचं असतं.

आणि आय कान्ट सी हिम ॲग्रीइंग? इथे डोळे मिटले तरी चालतात. तो कबूल होईल असं चित्र मला डोळ्यांसमोर आणता येत नाही, म्हणजे तो कबूल होईल असं मला वाटत नाही. याला मराठीतही दिसणं चालतं, ‘तो ऐकेल असं काही दिसत नाही’, पण मराठीत दिसतं ते परिस्थितीतलं लक्षण असतं, बोलणाऱ्याची कल्पना नव्हे. इंग्रजीत आय आहे म्हणून मत ‘माझं’ होतं. मराठी वाक्यात मी नाहीच, म्हणून ते जगाकडे पाहून काढलेलं अनुमान वाटतं. बैठकीत नकार सौम्य करायला मराठी रूप जास्त कामाचं, कारण त्यात नकार कोणाचाच नसतो.

या मंडळींपैकी काही आता कमी दिसू लागली आहेत. 1961 साली छापलेल्या अमेरिकी लेखनाचे 500 उतारे, मिळून सुमारे दहा लाख शब्द, असा संग्रह ब्राउन विद्यापीठात तयार झाला. त्याच्या जोडीला ब्रिटिश संग्रह आला आणि पुढे 1990च्या दशकातल्या लेखनाचे तसेच संग्रह झाले. लीच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते ताडून पाहिले. तीस वर्षांत एकूण मोडलांचा वापर घटला होता आणि मे, मस्ट, शॅल यांची घसरण विशेष मोठी होती. कॅन जागेवर टिकला होता. एकेकाळी आगगाडीतला शिष्ट तपासनीस मे आय सी युअर तिकीट म्हणे, आता कॅन आय सी ऐकू येतं. म्हणजे ज्या कॅनचा सामर्थ्याशी संबंध विरला होता, त्याच्याकडे आता परवानगीही आली. सीचा अर्थ इथे दाखवा. आपला तपासनीस मोडलही वापरत नाही आणि दिसण्याचं क्रियापदही. तो नुसतं ‘तिकीट’ म्हणतो आणि हात पुढे करतो.